पत्त्यांत अजिंक्य, आयुष्यात पराभूत

लास व्हेगासमधील एका स्वस्त मोटेलच्या खोलीत २२ नोव्हेंबर १९९८ रोजी पंचेचाळीस वर्षांच्या एका माणसाचा मृतदेह आढळला. त्याच्याजवळ अवघे आठशे डॉलर होते. जेमतेम अठरा महिन्यांपूर्वी याच शहरात त्याने पोकरच्या जागतिक मालिकेचे अजिंक्यपद आणि दहा लाख डॉलरचे पारितोषिक पटकावले होते. पोकरच्या इतिहासातील सर्वाधिक प्रतिभावान खेळाडूंत गणला जाणारा स्टू अंगर तो हाच.

अंगरचा जन्म ८ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील मद्यालय चालवीत आणि तेथेच सट्टाही घेत. जुगाराचे वातावरण असे घरातच होते. दोघांत खेळल्या जाणाऱ्या जिन रमीत त्याने लहान वयातच मोठ्या माणसांना हरवायला सुरुवात केली. १९६७ मध्ये वडिलांचे हृदयविकाराने निधन झाले. घर चालविण्यासाठी त्याने शाळा सोडली आणि पत्ते हाच व्यवसाय पत्करला. गुन्हेगारी जगतात वावरणाऱ्या व्हिक्टर रोमानोने त्याला आश्रय दिला. पुढे जिन रमीत अंगरचा असा दबदबा निर्माण झाला, की सवलत देऊ केली तरी त्याच्यासमोर बसायला कोणी धजावेना.

प्रतिस्पर्धीच उरले नाहीत, म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० च्या जागतिक मालिकेतील दहा हजार डॉलर प्रवेशशुल्काच्या मुख्य स्पर्धेत ७३ खेळाडू होते. अंतिम डावात समोर होता दोन वेळचा विजेता डॉयल ब्रन्सन. अंगरने एक्क्यापासून पंजीपर्यंतची पाच सलग पाने जुळवून त्याला नमविले. पोरसवदा चणीमुळे त्याला ‘द किड’ म्हणत. पुढच्याच वर्षी त्याने विजेतेपद राखले.

त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. कोणती पाने पडून गेली हे तो अचूक लक्षात ठेवी. सहा कॅटांपैकी निम्मी पाने उघडी केल्यावर उरलेल्या १५६ पानांचा हिशेब सांगण्याची पैज कॅसिनोमालक बॉब स्टुपॅकने लावली. ती जिंकून अंगरने एक लाख डॉलर मिळविले. मात्र या कौशल्यामुळेच कॅसिनोंनी त्याला ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसू देणे बंद केले.

पत्त्यांत कमावलेला पैसा घोड्यांच्या शर्यती आणि खेळांवरील सट्ट्यात वाहून जाई. त्यातच कोकेनचे व्यसन जडले. १९९० च्या मुख्य स्पर्धेत तिसऱ्या दिवशी तो हॉटेलच्या खोलीत बेशुद्धावस्थेत सापडला. त्याची खुर्ची रिकामी राहिली, तरी आधी जमविलेल्या चिप्सच्या बळावर तो नववा आला. संसार मोडला, कर्ज वाढत गेले.

१९९७ मध्ये तो कफल्लक होता. मित्र बिली बॅक्स्टरने अगदी अखेरच्या क्षणी त्याचे प्रवेशशुल्क भरले. निळ्या काचांचा गोल चष्मा लावून बसलेल्या अंगरने ३११ खेळाडूंना मागे टाकले. जॉन स्ट्रेम्पविरुद्धच्या शेवटच्या डावातही एक्का ते पंजी हीच पाने त्याच्या मदतीला आली. बक्षिसाचा निम्मा वाटा बॅक्स्टरला गेला, उरलेला व्यसनाने आणि सट्ट्याने काही महिन्यांतच संपविला. १९९८ मध्ये बॅक्स्टरने पुन्हा पैसे भरले. पण खेळण्याजोगी अवस्था उरली नसल्याचे सांगून अंगरने ऐनवेळी माघार घेतली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमली पदार्थांमुळे जर्जर झालेल्या हृदयाने दगा दिला. अंत्यसंस्कारासाठी स्टुपॅक आणि इतर मित्रांना वर्गणी जमवावी लागली. २००१ मध्ये पोकरच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये अंगरला स्थान मिळाले. मुख्य स्पर्धा तीनदा जिंकणारा जॉनी मॉसखेरीज तो एकटाच. त्यातही मॉसचे पहिले विजेतेपद खेळाडूंच्या मतदानाने ठरले होते. समोरच्याच्या हातातील पाने ओळखणाऱ्या या खेळाडूला डाव कधी थांबवावा, हे मात्र अखेरपर्यंत उमगले नाही.