ठाण्याच्या तटाआडचे गाणे

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी डोंबिवलीहून ठाण्याच्या शाखेत येत असे. दुपारी पाय मोकळे करायला निघालो की कारागृहाच्या तटापर्यंत जाऊन परतायचे, हा नेम. भरवस्तीतल्या त्या भिंतीकडे कोणी मान वळवून बघत नाही. १९१० मध्ये अनंत कान्हेरे इथेच फासावर गेला, हे ठाणेकरांना ठाऊक असते. मला मात्र आठवायचा त्र्यंबकजी डेंगळे.

त्याच्या काळी हा किल्ला होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला, १७७४ मध्ये इंग्रजांनी बळकावलेला. निमगाव जाळीचा त्र्यंबकजी जासूद म्हणून दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी लागला आणि बघता बघता त्याचा उजवा हात झाला. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्रीबुवांना इंग्रजांची हमी होती. ठपका त्र्यंबकजीवर आला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून त्याला मागून घेतले आणि ठाण्याला कोंडले.

पहारा सगळा गोऱ्यांचा. देशी शिपाई फितूर होतील ही धास्ती! एक भोक बुजवताना दुसरे पाडणारे असले बंदोबस्त आम्ही बँकवाल्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. किल्ल्यातल्याच एका साहेबाचा मराठा मोतद्दार घोडा फिरवत त्याच्या खिडकीखालून जायचा आणि सहज गुणगुणल्यासारखे गायचा. पळण्याचा सारा बेत त्या गाण्यात. पहारेकऱ्यांना ऐकू यायचे नुसते सूर, आत त्र्यंबकजीला पोचायचा मजकूर. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी अंधारात, शौचकुपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून तबेल्यात उतरून तो पसार झाला.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही टाळ्या पिटायचो. पुढचे कोणी सांगत नसे. त्याला हजर करण्यासाठी १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर, रायगड इंग्रजांकडे ओलीस पडले, मग पुण्याचा तह, नोव्हेंबरात खडकीची लढाई. १८१८ मध्ये पेशवाई आटोपली. इंग्रजांना निमित्तच हवे होते, असे मला वाटते. तरी शास्त्रीबुवांच्या खुनाचा डाग त्र्यंबकजीवरून पुसायला माझा हात धजत नाही.

१८१८ मध्येच तो निफाडजवळ अहेरगावी सापडला. या खेपेस त्याला मराठी मुलखापासून दूर, काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात ठेवले. आता पहारा दुहेरी, गोऱ्यांचा आणि देशींचाही. १८२९ मध्ये तो तिथेच वारला. तेथे खिडकीखालून मराठीत गात जाणारे कोण असणार!