आकड्यांचा चकवा रचणारे कापरेकर

नांदेड जिल्ह्यात, जंगलाने वेढलेल्या डोंगरांत माहूर वसले आहे. एका शिखरावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तात्रय, तिसऱ्यावर अनसूया. दिवसभर भ्रमण करणारे दत्तप्रभू रात्री निद्रेसाठी माहुरी येतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तीन शिरे आणि एक देह असलेल्या या दैवताचे नाव महाराष्ट्रात घरोघरी मुलांना ठेवले जाते. माहूरपासून कितीतरी दूर, अरबी समुद्राच्या काठावरील डहाणूत, कापरेकरांच्या घरी १७ जानेवारी १९०५ रोजी जन्मलेल्या मुलाचे नावही तेच ठेवण्यात आले. या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी पुढे संख्यांच्या एका कुळालाच ‘दत्तात्रय संख्या’ असे नाव दिले.

१३ चा वर्ग १६९. तो मधोमध नव्हे, पण योग्य जागी तोडला की १६ आणि ९ हे दोन तुकडे पडतात आणि दोन्ही पूर्ण वर्ग निघतात. ५७ च्या वर्गात, म्हणजे ३२४९ मध्ये, १८ चा वर्ग ३२४ आणि ३ चा वर्ग ९ शेजारी शेजारी बसलेले आहेत. १६०२ चा वर्ग २५६६४०४. तो २५६, ६४ आणि ०४ अशा तीन वर्गांत फुटतो. एका देहावर तीन शिरे असावीत तसा. याचा उपयोग काय, असे कोणी विचारल्यास उत्तर एकच, काही नाही. कापरेकरांचे सारे आयुष्य अशा निरुपयोगी गोष्टींच्या नादात गेले आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली.

आठव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते. त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पंचांग आणि कुंडल्या यांच्यामुळे घरात आकडेमोड चालूच असे. मुलाच्या हाती तीच खेळणी आली. ठाण्याच्या शाळेत असताना गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जात. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ साली, गणितातील स्वतंत्र कामाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी हाती आली आणि पुढच्याच वर्षी ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते शाळामास्तरच राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, संशोधनासाठी अनुदान नाही. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ एवढेच भांडवल होते.

या भांडवलावर त्यांनी जे रचले, त्याला आकड्यांचा भूलभुलैया म्हणणेच योग्य ठरेल. लखनौच्या इमामबाड्यातील भूलभुलैया प्रसिद्ध आहे, देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारीत शत्रू वाट चुकत असे. अशा रचनांत प्रवेशाची वाट एखादीच असते आणि फसव्या वाटा पुष्कळ. कापरेकरांच्या रचनेत नेमके उलटे आहे. येथे प्रवेशद्वारे जवळजवळ दहा हजार आहेत आणि कोठूनही आत शिरले तरी वाट एकाच जागी पोहोचते.

नियम चौथीच्या मुलाला समजेल इतका सोपा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करावी आणि वजाबाकी करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावून चार अंक पुरे करावेत. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊन पाहता येईल. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१ उरतात. त्यानंतर क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा ६१७४ च! अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरता येत होते, बाहेर पडता येत नव्हते. येथे तीच गत प्रत्येक संख्येची होते. सातपेक्षा अधिक पावले कोणालाही लागत नाहीत. १९०५ ला पूर्ण सात लागली, म्हणजे या चक्रव्यूहातील लांबात लांब वाट तिच्या वाट्याला आली.

कोडे सोडवणाऱ्याचे समाधान एवढ्याने होत नाही. असे का घडते, हे त्याला पाहायचे असते. चार अंकांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांच्यातील फरकाला ९९९ ने गुणावे, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणावे आणि बेरीज करावी. वजाबाकीचे उत्तर नेमके तेवढेच येते. म्हणजे अंक कोणते आहेत याला महत्त्व नाही, त्यांच्यातील अंतरांना आहे. अशी अंतरांची जोडी केवळ ५४ प्रकारची असू शकते. पुढील शून्ये धरून ९९९० दारांतून आत आलेली गर्दी पहिल्याच पावलात ५४ बोळांत शिरते आणि मग ते बोळ एकमेकांना मिळत जातात.

सगळीकडेच असे सुखरूप पोहोचणे नाही, हे या खेळातले आणखी एक मर्म. तीन अंकी संख्या ४९५ ला जाऊन थांबतात. दोन अंकी संख्यांना मात्र चकवा लागतो. रानात चकवा लागलेला माणूस जसा फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो, तशा त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फेऱ्या घालत राहतात. पाच अंकी संख्यांनाही मुक्कामाची एक जागा नाही, त्याही गोल गोल फिरतात. आज संगणकावर हे क्षणार्धात तपासता येते. कापरेकरांनी ते हाताने केलेल्या वजाबाक्यांच्या ढिगाऱ्यातून पाहिले.

१९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची ही करामत मांडली. पुढे १९५५ मध्ये ती ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकातूनही प्रसिद्ध झाली. पण देशातील जाणत्या गणितज्ञांच्या लेखी हे गणित नव्हे, गंमत होती. सखोल सिद्धान्त नाही, व्यापक पद्धत नाही, दशमान पद्धतीतील अंकांशी चाललेला खेळ केवळ, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप अगदीच चुकीचा होता असे म्हणता येत नाही. दहाऐवजी दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या तर ६१७४ चे माहात्म्य उरत नाही, हे खरेच आहे. तथापि, प्रश्न सुचणे ही उत्तर सापडण्याइतकीच दुर्मीळ गोष्ट असते, हे त्या काळी कोणाच्या ध्यानात आले नाही. कापरेकर पुस्तिका लिहीत, त्या स्वतःच छापून घेत आणि शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने देत. ‘गणितानंद’ हे नाव त्यांना शोभत होते.

नावे ठेवण्यात ते विशेष रसिक होते. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, हर्ष देणाऱ्या. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्यांचा विचार ज्या रेल्वे स्थानकावर सुचला, त्या ‘डेमलो’चे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, नाव त्यांनी त्या कुळाला दिले. लोकलची वाट पाहणाऱ्या लाखो डोंबिवलीकरांपैकी किती जणांना आपल्या स्थानकाचे हे गणिती माहात्म्य ठाऊक असेल? ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना मात्र जगाने त्यांचेच नाव दिले, कापरेकर संख्या.

त्यांची ‘स्वयंभू संख्यां’ची कल्पना तर भूलभुलैयाच्या नकाशासारखीच आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवीत पुढे जायचे. २१ वरून २४, तेथून ३०, मग ३३, ३९ अशी वाट चालत राहते. काही ठिकाणी दोन वाटा येऊन मिळतात. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१ आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. अशा संख्येला त्यांनी रेल्वेच्या भाषेत ‘जंक्शन’ म्हटले. आणि २०, ३१, ४२ यांसारख्या काही संख्यांकडे कोणतीच वाट येत नाही. टाकीचा घाव न लागता प्रकटलेल्या देवतेला आपण स्वयंभू म्हणतो, तोच शब्द त्यांनी येथे योजला. १९६३ साली त्यांनी या विषयावरील पुस्तक देवळालीहून स्वतःच प्रसिद्ध केले. या संख्यांना ‘देवळाली संख्या’ असेही म्हटले जाते.

निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे नव्हते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरत नसे, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. छंद मात्र सुटला नाही. कोपर्निकसच्या जन्माला ५०० वर्षे झाली, त्या निमित्ताने त्यांनी त्याच्या जन्मतारखेवर आधारलेला जादूचा चौरस रचला.

मग १९७५ चा मार्च महिना उजाडला. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर गणिती करमणुकीचे सदर चालवीत. भूलभुलैया सोडवण्याच्या युक्त्यांपासून कागदाच्या घड्यांपर्यंत अनेक विषय त्यांनी त्यात हाताळले होते आणि जगभरचे गणितप्रेमी ते सदर आवर्जून वाचत. त्या महिन्यात गार्डनर यांनी स्वयंभू संख्या आणि त्यांच्या जनकाची ओळख करून दिली. देवळालीचा सत्तरीतला मास्तर एकाएकी जगाला माहीत झाला. परदेशी गणितज्ञांनी त्यांच्या प्रश्नांवर निबंध लिहिले, संगणकावर हजारो संख्या पारखल्या. घरच्या मानमरातबात त्यामुळे फारसा फरक पडला असे दिसत नाही.

१९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. या वर्षाचा आकडा त्यांच्या चक्रव्यूहात सोडून पाहिला, तर पहिल्याच वजाबाकीत तो ८१७२ वर येतो. १९०५ ची वाटही दुसऱ्या पावलात तेथेच आली होती. तेथून ६१७४ पर्यंतची पाच पावले दोन्ही वर्षांची एकच आहेत.