ठेक्याचा इंजिनिअर

वर्कशॉपमध्ये एका कंपनीचा नट दुसऱ्या कंपनीच्या बोल्टवर बरोब्बर बसतो, कारण दोघांचे आटे एकाच स्टँडर्डप्रमाणे पाडलेले असतात. नाचाला असं स्टँडर्ड देणाऱ्यांपैकी एका माणसाची ही गोष्ट. माझा तो भलताच आवडता आहे.

व्हिक्टर सिल्व्हेस्टरचा जन्म २५ फेब्रुवारी १९०० रोजी लंडनजवळच्या वेम्बलीत झाला. वडील पाद्री. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हा पठ्ठ्या शाळेतून पळून, वय खोटं सांगून सैन्यात गेला. पुढे इटलीत रुग्णवाहिका पथकात असताना त्याला शौर्यपदक मिळालं. मरणाच्या थोडं आधी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली : पळपुटे ठरवलेल्या आपल्याच सैनिकांवर त्याला गोळ्या झाडाव्या लागल्या होत्या. इतिहासकारांना ही हकिगत शंकास्पद वाटते. पण कोवळ्या वयात त्याने युद्ध पाहिलं, हे तर खरंच.

युद्धानंतर काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. लंडनच्या हॅरॉड्स या दुकानात दुपारी चहाबरोबर नाच चालायचा. तिथे तो सहज गेला आणि रमला. डिसेंबर १९२२ मध्ये फिलिस क्लार्कबरोबर त्याने बॉलरूमची पहिली जागतिक स्पर्धा जिंकली!

पण त्या काळी जितके शिक्षक, तितक्या तऱ्हा. म्हणून १९२४ साली इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंगने बॉलरूमची शाखा काढली. तिच्या संस्थापकांत सिल्व्हेस्टर होता. पाऊल कसं टाकायचं, वळायचं कसं, संगीताची गती किती, सगळं ठरत गेलं. १९२७ साली त्याचं पुस्तक आलं आणि तुफान खपलं.

आता अडचण उरली संगीताची. बाजारातल्या रेकॉर्ड ठरलेल्या गतीत नसायच्या. मग १९३५ साली त्याने स्वतःचाच ऑर्केस्ट्रा काढला. गाणारा नाही, उगाच नखरे नाहीत, ठेका मात्र पक्का. अशा साडेसात कोटी रेकॉर्ड खपल्या. १९४१ पासून बीबीसी रेडिओवर आणि १९४८ पासून टीव्हीवर तो लोकांना घरबसल्या नाच शिकवू लागला. युद्धाच्या धामधुमीतही लोक रेडिओजवळ कागद-पेन्सिल घेऊन बसायचे.

कुणी म्हणेल, असं मोजून-मापून नाचण्यात मजा काय? संगीतातल्या जाणकारांनीही त्याला नीरस म्हटलंच. मला ते पटत नाही. आज स्पर्धेत वॉल्ट्झची गती मिनिटाला २८ ते ३० बार असते. एका बारमध्ये तीन ठोके, म्हणजे ८४ ते ९० ठोके. आपल्या भाषेत हा टॉलरन्स! कोणती धून वाजणार हे हौशी जोड्यांना आधी माहीत नसतं, पण गती माहीत असते. त्याच भरवशावर जपानची जोडी इंग्लंडच्या ब्लॅकपूलमध्ये उतरू शकते. पूर्वी कधीही न भेटलेली दोन माणसंसुद्धा एकत्र नाचू शकतात. आधी आटे जुळायला हवेत, मजा नंतर येतेच.

१४ ऑगस्ट १९७८ रोजी फ्रान्समध्ये सुट्टीवर असताना सिल्व्हेस्टर वारला. ऑर्केस्ट्रा पुढे मुलाने चालवला. ठेका तोच ठेवून!