महामना मालवीय : विद्यापीठाच्या आवारात कार्यशाळा उभारणारे शिक्षक

पंडित मदनमोहन मालवीय यांचा जन्म २५ डिसेंबर १८६१ रोजी प्रयाग येथे झाला. वडील पंडित ब्रजनाथ हे भागवताचे व्यासंगी कथाकार होते. घरात संस्कृत विद्येचा वारसा होता, परंतु लक्ष्मीची कृपा बेताचीच होती. १८८४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळाल्यावर एम. ए. व्हावे, अशी त्यांची उत्कट इच्छा होती. घरची ओढाताण पाहून त्यांनी ती बाजूस ठेवली आणि प्रयागच्या सरकारी शाळेत दरमहा चाळीस रुपयांवर शिक्षकाची नोकरी पत्करली. पुढे ते संपादक, वकील, विधिमंडळाचे सभासद आणि राष्ट्रीय सभेचे अध्यक्षही झाले. तथापि त्यांच्यातील शिक्षक अखेरपर्यंत जागा राहिला.

शिकलेल्या तरुणापुढे त्या काळी सरकारी कचेरी, न्यायालय आणि शाळा असे मोजकेच मार्ग होते. हाताने काम करणारा शाळेबाहेर आणि शाळेत शिकलेला हातकामापासून दूर, अशी समाजाची विभागणी झाली होती. ही दरी बुजल्याखेरीज देशाचे दारिद्र्य हटणार नाही, हे मालवीयजींनी ओळखले. १९०५ च्या डिसेंबरात गोखल्यांच्या अध्यक्षतेखाली काशीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्याच सुमारास काशीच्या टाउन हॉलमध्ये झालेल्या सभेत हिंदू विद्यापीठाच्या योजनेचा विचार झाला. वेदविद्या व संस्कृत यांच्या जोडीला विज्ञान, यंत्रविद्या आणि देशी उद्योगांना उपयोगी पडणारे प्रत्यक्ष शिक्षण हे त्या योजनेचे अंग होते.

१९१६ मध्ये सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय औद्योगिक आयोग नेमला गेला. मालवीयजी त्याचे सभासद होते. १९१८ मध्ये अहवाल सादर झाला, तेव्हा त्यांनी स्वतंत्र विस्तृत टिपण जोडले. कापड, लोखंड व जहाजबांधणी यांसाठी नावाजलेला देश कच्चा माल धाडून पक्का माल विकत घेणारा कसा झाला, याची त्यांनी मीमांसा केली. जर्मनी व जपान यांच्या प्रगतीच्या मुळाशी शिक्षण आहे, हे त्यांनी दाखवून दिले. औद्योगिक शिक्षणाची इमारत सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाच्या पायावरच उभी राहू शकते आणि प्राथमिक शाळेतच चित्रकला व हस्तकाम यांचा आरंभ व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. कारागिराचे मूल आणि इतरांचे मूल असा भेद त्यात नव्हता.

विचार कागदावर ठेवून स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी काशीत विद्यापीठाची कोनशिला बसली. १९ जानेवारी १९१९ रोजी म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांच्या हस्ते अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळांचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात कारागिरांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. यंत्र व विद्युत अभियांत्रिकीचे पदवी वर्ग सुरू करण्यात भारतात या महाविद्यालयाने पुढाकार घेतला. प्राचार्य चार्ल्स किंग यांनी त्याची घडी बसवली. त्यानंतर भूगर्भशास्त्र, औद्योगिक रसायन, खाणकाम व धातुशास्त्र, चिनी मातीच्या वस्तू, औषधनिर्मिती आणि काच या शाखा एकामागून एक उघडल्या. खनिज शोधण्यापासून त्याची वस्तू घडवण्यापर्यंतची साखळी एकाच विद्यापीठात शिकवली जाऊ लागली.

हे सारे सोपे नव्हते. कार्यशाळेला यंत्रे लागतात, भट्टी लागते, धातू लागतो. पुस्तकी वर्गाच्या मानाने तिचा खर्च फार मोठा. काशीनरेशांनी विस्तीर्ण भूमी दिली, तरी पैसा दारोदार फिरूनच जमवावा लागला. मालवीयजींनी भरभराटीची वकिली सोडली आणि संस्थानिकांच्या महालापासून सामान्य गृहस्थाच्या उंबऱ्यापर्यंत झोळी नेली. धर्माचार कसोशीने पाळणाऱ्या या ब्राह्मणाला कुणापुढे हात पसरण्यात कमीपणा वाटला नाही, कारण मागणे स्वतःसाठी नव्हते. १९१९ पासून जवळजवळ दोन दशके त्यांनी कुलगुरुपद सांभाळले.

१२ नोव्हेंबर १९४६ रोजी काशीत त्यांचे देहावसान झाले. स्वातंत्र्य अवघ्या नऊ महिन्यांवर आले होते. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. परंतु स्वतंत्र देशाला लागणारे अभियंते व धातुतज्ज्ञ घडवणारी संस्था तोवर उभी राहिली होती. १९६८ मध्ये तेथील तिन्ही तंत्रमहाविद्यालये एकत्र झाली आणि २०१२ मध्ये त्यांतून साकारलेल्या संस्थेस भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. मालवीयजींना मरणोत्तर भारतरत्न लाभले.

आज संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे केसाहून बारीक मापाने धातू कापतात. तरीही मुलाने यंत्रशाळेची वाट धरली की काही घरांत अजून हळहळ व्यक्त होते. चाळीस रुपयांवर शिकवू लागलेल्या त्या शिक्षकाने हातातील कसब आणि डोक्यातील विद्या यांना एकाच आवारात, एकाच मानाने बसवले होते. मुलांच्या भवितव्याचा विचार करताना पालकांनी त्या आवाराची आठवण ठेवावी.