पडद्याआडच्या पक्षकारांची वकील

रेव्ह. सोराबजी खरसेटजी यांच्या घरी एकदा एक गुजराती विधवा आली. घराणे सधन, परंतु कारभाऱ्यावर विश्वास टाकून तिने कागदांवर सही केली आणि ती मालमत्तेस मुकली. सोराबजींच्या पत्नी फ्रान्सिनाबाई तिचे गाऱ्हाणे ऐकत असताना त्यांची लहान मुलगी जवळच होती. अशा स्त्रियांसाठी आपण कायदा शिकावा, हे तिने तेव्हाच मनाशी घेतले. ती मुलगी म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. आईने पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल स्थापिले. डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलियाबाई मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. गुणांच्या बळावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयाची. ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमविली (देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल याही होत्या) आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये विद्यापीठाने खास ठराव केला तेव्हा कुठे त्यांना कायद्याच्या परीक्षेस बसता आले. पदवी मात्र हाती पडली १९२२ साली. वाचकहो, मधली ही तीस वर्षे ध्यानात ठेवा. कारण त्यांच्या हातून घडलेले बहुतेक मोठे कार्य याच काळातले आहे.

स्वदेशी परतल्यावर १८९७ मध्ये त्यांनी मुंबईची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत यश आले, तरी सनद मिळाली नाही. काठेवाड व इंदूरकडील संस्थानांत इंग्रज एजंटांपुढे पडदानशीन स्त्रियांच्या वतीने अर्ज करण्याची तेवढी परवानगी होती.

अडचण नेमकी कोठे होती, ते पाहा. जमीनदार निवर्तला व वारस अज्ञान असला, की इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्स या सरकारी खात्याच्या ताब्यात जाई. पण पुरुष अधिकारी जनानखान्यात कसा जाणार? राणीची इच्छा म्हणून जे त्याच्या कानी येई, ते कारभाऱ्याच्या तोंडून. पुष्कळ खटपटीनंतर १९०४ साली बंगालच्या या खात्यात कॉर्नेलियाबाईंची नेमणूक झाली, आणि पुढे बिहार, ओरिसा व आसामपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र वाढले. वारसाहक्क, दत्तक, मुलांचे शिक्षण, भाऊबंदांतील वैर, सारे त्या पडद्याच्या आत बसून ऐकत आणि बाहेर येऊन कायद्याच्या भाषेत मांडीत. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया व पोरकी मुले यांना त्यांचे साहाय्य लाभले. कित्येकांची कामे त्यांनी विनामूल्य केली.

बायबलचे भाषांतर करताना ‘अनाथ’ या शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. मूळ इब्री शब्द पुष्कळदा पितृछत्र हरपलेल्या मुलासाठी येतो. त्याची आई हयात असू शकते. म्हणूनच शास्त्रात त्याची जोडी वारंवार विधवेशी लागते. कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या दप्तरात नेमकी हीच जोडी होती.

१९२१ साली अलाहाबादने त्यांना सनद दिली आणि १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचे दार रीतसर उघडले. बॅरिस्टर होऊन १९२४ पासून त्या कलकत्त्यास वकिली करू लागल्या. परंतु पुरुषांच्या त्या जगात त्यांच्या वाट्यास युक्तिवादापेक्षा लेखी सल्ल्याचीच कामे अधिक आली.

त्यांची सर्वच मते मला मान्य नाहीत. इंग्रजी राज्यावर त्यांची निष्ठा होती, आणि गांधीजींच्या चळवळीस त्यांनी विरोध केला. १९२७ साली कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाची बाजू घेतल्यामुळे तर जवळची माणसेही दुरावली व समाजकार्यास लागणारा पाठिंबा आटला. ज्यांनी शेकडो स्त्रियांचे मौन वाचले, त्यांना देशाचा आवाज ओळखता येऊ नये, याची खंत वाटते.

१९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या. तेथेच ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला.