कर्नल सी. के. नायडू

हिंदुस्थानच्या कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार नागपूरचे होते. त्यांचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू. सारा देश त्यांना सी. के. या दोन अक्षरांनीच ओळखत असे.

नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे तेलुगू, परंतु नागपुरात स्थायिक झालेले. वडील वकील होते. शाळेत असतानाच कनकय्यांना क्रिकेटची गोडी लागली. उंच, ताठ बांधा, लांब बाहू आणि तीक्ष्ण नजर ही निसर्गाची देणगी त्यांना लाभली होती. नियमित सरावाची जोड देऊन त्यांनी तिचे सार्थक केले.

त्या काळी मुंबईत चौरंगी सामने भरत. युरोपीय, पारशी, हिंदू व मुसलमान असे चार संघ त्यांत उतरत. १९१६ साली नायडू प्रथमच हिंदू संघातून युरोपीय संघाविरुद्ध खेळले. ते मैदानात आले तेव्हा ७९ धावांत सात गडी बाद झाले होते. नवखा खेळाडू अशा वेळी गांगरून जातो. पण नायडूंनी पहिले तीन चेंडू शांतपणे अडविले आणि चौथ्या चेंडूवर थेट षटकार ठोकला!

पुढे होळकर महाराजांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले. होळकरांच्या सैन्यात त्यांना कर्नल ही पदवी मिळाली.

१९२६ साली इंग्लंडहून एम. सी. सी.चा बलाढ्य संघ आला. मुंबईच्या सामन्यात त्यांच्या एका फलंदाजाने आठ षटकार मारले. नायडूंनी त्याला अकरा षटकारांनी उत्तर दिले! दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा काढल्या. पाहुण्यांनी कौतुकाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. त्याच सुमारास अमेरिकेत बेसबॉलच्या खेळात बेब रूथ हा खेळाडू असेच उत्तुंग टोले मारून लोकांना वेड लावीत होता. योगायोग असा, की त्याचाही जन्म १८९५ सालचाच. परंतु नायडूंच्या टोल्यांचा अर्थ आपल्या लोकांना निराळा वाटला. राज्यकर्त्यांच्या खेळात आपण त्यांना तोडीस तोड आहोत, हा विश्वास त्यांतून जागा झाला.

१९३२ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. कारण तेव्हा ते पद संस्थानिकांकडे जाणे रीतीचे समजले जाई. परंतु महाराजांनी आपल्या खेळाची मर्यादा ओळखली आणि लॉर्ड्‌सच्या कसोटीत ते स्वतः बाजूला राहिले. २५ जून १९३२ रोजी नायडू संघ घेऊन मैदानात उतरले. अवघ्या १९ धावांत इंग्लंडचे तीन गडी बाद झाले! नायडूंच्या हाताला दुखापत झाली. तरीही पहिल्या डावात आपल्या संघातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांनीच केल्या. सामना हरला, पण संघाने मान मिळविला.

१९३६ च्या दौऱ्यात कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांना देण्यात आले. ज्याने संघ घडविला त्यानेच दुसऱ्याच्या हाताखाली खेळायचे, ही गोष्ट सोपी नव्हती. तरीही ओव्हलच्या सामन्यात वेगवान चेंडू छातीवर आदळल्यावरही नायडू खेळपट्टीवरून हलले नाहीत. त्यांनी ८१ धावा केल्या. हाच त्यांचा शेवटचा कसोटी सामना, आणि कसोटीतील त्यांची सर्वोच्च धावसंख्याही हीच.

शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते. त्यामुळे काही सहकारी त्यांच्यावर रुष्ट होत. पण जो नियम ते इतरांना लावीत, तो आधी स्वतः पाळीत. त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. पन्नाशीत त्यांनी अंतिम सामन्यात द्विशतक काढले. पंचावन्नी उलटल्यावर एकदा दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर आदळून त्यांचे दात पडले. नायडूंनी ते बाजूला सारले, उपचार नाकारले आणि पुन्हा तितक्याच वेगाने चेंडू टाकण्यास गोलंदाजाला सांगितले.

१९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९६९ साली, नागपूरच्या सदर परिसरातील मैदानावर या शहराचा पहिला कसोटी सामना झाला. तो पाहण्यास सी. के. नव्हते, परंतु ज्या वाटेने कसोटी क्रिकेट नागपूरपर्यंत आले, ती वाट प्रथम त्यांनीच तुडविली होती.