नावाने ओले, धंद्याने मोटरवाला

थर्ड इयरला आय.सी. इंजिन्समध्ये चोकची आकृती आपण सगळेच काढतो. थंड इंजिनाला रिच मिक्श्चर लागतं, एवढं लिहिलं की दोन मार्क पदरात. पण हेच टू-स्ट्रोक इंजिन होडीच्या मागे टांगून ज्याने जगाला विकलं, त्या ओले एव्हिनरूडची सिलॅबसमध्ये एक ओळही नाही. (स्पेलिंगप्रमाणे नाव खरंच ओले! कार्ब्युरेटरवाल्या माणसाला याहून चांगलं नाव मी तरी ऐकलेलं नाही.)

ओलेचा जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. तो लहान असतानाच घरचे अमेरिकेत विस्कॉन्सिनला शेती करायला गेले. शाळा लवकर सुटली. सोळाव्या वर्षी स्वारी मॅडिसनच्या वर्कशॉपमध्ये चिकटली, मग पिट्सबर्गचे पोलाद कारखाने, शिकागो, आणि शेवटी मिलवॉकी. डिग्री नाही की डिप्लोमा नाही.

मिलवॉकीत त्याला बेस कॅरी भेटली. एका उन्हाळ्यात तळ्यावर सहलीला गेले असताना तिला आइस्क्रीम खावंसं वाटलं, ओले वल्ही मारत आणायला गेला आणि परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं, अशी गोष्ट सांगतात. १९०६ साली दोघांचं लग्न झालं. १९०९ मध्ये त्याची मोटर बाजारात आली: एक सिलिंडर, दीड हॉर्सपॉवर, वजन सुमारे २८ किलो. आउटबोर्ड मोटर त्याच्याआधी वॉटरमननेही विकली होती, त्यामुळे पहिला मान ओलेला देता येत नाही. पण खपली ती ओलेची, आणि त्यात बेसच्या जाहिरातींचा वाटा मोठा होता. हिशेब आणि पत्रव्यवहारही तीच बघायची.

ही मोटर सुरू करायची म्हणजे वरच्या फ्लायव्हीलची मूठ धरून हाताने फिरवायची. खरी गंमत इथेच आहे. हाताने फिरवून असा कितीसा स्पीड येणार? हवा हळू ओढली जाते, त्यामुळे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी उचललं जातं. जे येतं त्यातला हलका भागच थंडीत वाफ होतो. त्यात टू-स्ट्रोकमध्ये मिक्श्चर थेट सिलिंडरमध्ये जात नाही, आधी क्रँककेसमध्ये शिरतं. तिथल्या गार धातूवर पेट्रोल चिकटून बसतं. म्हणजे कार्ब्युरेटरने माप बरोबर दिलं तरी प्लगपाशी पोचेपर्यंत ते इतकं लीन होतं की ठिणगीने पेटतच नाही. उपाय एकच, सुरुवातीला भरपूर जास्त पेट्रोल देणं. चोक हवेची वाट अडवतो, व्हॅक्यूम वाढतो, पेट्रोल ओढलं जातं. त्या काळी काही इंजिनांच्या सिलिंडरवर छोटी वाटी असायची, तिच्यातून चार थेंब सरळ आत सोडत. इंजिन तापलं की क्रँककेसमधलं पेट्रोलही वाफ होऊन येतं, तेव्हा चोक उघडला नाही तर प्लग ओला. घरी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त स्कूटर ढकलता येते. तळ्याच्या मध्यभागी काय ढकलणार?

धंदा जोरात असताना बेसची तब्येत खालावली. ओलेने १९१४ च्या सुमारास आपला हिस्सा भागीदार ख्रिस मेयरला विकला. पाच वर्षं या धंद्यात पाऊल टाकणार नाही असा करार होता. स्वतःचं नाव असलेली कंपनी दुसऱ्याची झाली. मला त्याच्या आयुष्यात मोटरीइतकाच हा निर्णय मोठा वाटतो.

मुदत संपल्यावर तो नवं डिझाइन घेऊन मेयरकडेच गेला. मेयर नको म्हणाला. मग १९२१ मध्ये 'एल्टो' आली, दोन सिलिंडरची, ॲल्युमिनियम वापरून हलकी केलेली. तिला बॅटरी इग्निशन होतं. मॅग्नेटोची ठिणगी स्पीडवर अवलंबून असते, बॅटरीची तशी नसते, म्हणून हळू फिरवूनही मोटर घ्यायची. १९२९ मध्ये कंपन्या एकत्र झाल्या आणि त्याचं नाव त्याच्याकडे परत आलं. १९३३ मध्ये बेस गेली, पुढच्याच वर्षी ओलेही.

एव्हिनरूड मोटरींचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. त्याआधीच्या काही दशकांत कितीतरी मॉडेल्समध्ये चोकच्या झडपेऐवजी प्रायमर सोलेनॉइड आला होता. आधी हाताने रबरी बल्ब दाबून लाइनमध्ये पेट्रोल भरायचं, मग किल्ली आत दाबायची. कॉइलमध्ये करंट जातो, प्लंजर उचलला जातो आणि पेट्रोल बारीक नळ्यांतून थेट इनटेकच्या वाटेवर. बॅटरी बसली तर सोलेनॉइडवर हाताने फिरवायची एक छोटी लाल खिट्टीही असते.